धाकट्याला सांगितलं नाही

चिझलहर्स्ट
२० मार्च १९८३

क्लिफ,

डेरेक सुटला. मिकी क्राउचनं तुला फोनवर कळवलं असेलच, पण तो कुठलीही गोष्ट स्वतःच्या मापाची शिवून घेतल्याशिवाय सांगत नाही, म्हणून मी वेगळं लिहितेय. (हे पत्र वाटेत कुणी पोलीस साहेब उघडत असतील तर त्यांनाही नमस्कार. वाचा खुशाल, पण परत नीट चिकटवा. मागचं पत्र स्पेनमध्ये फाटकं पोचलं.)

मंगळवारी सकाळी तुरुंगाच्या दारासमोर तुझी ती लांबलचक गाडी उभी होती. मागच्या सीटवर उंटाच्या रंगाचा नवा ओव्हरकोट, शँपेनची बाटली, आणि मिकीनं कुठून तरी उचलून आणलेली फुलं. मी पुढे बसले होते. आपला धाकटा बाहेर आला तेव्हा पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. भेटीच्या खोलीत त्या पिवळ्या दिव्याखाली कळलं नव्हतं. उजेडात बघितलं तर केस पार पांढरे झालेत रे. पस्तिशीत असताना बाबांचेसुद्धा एवढे पिकले नव्हते.

मिकीनं त्याला मिठी मारली. "चल राजा, पबमध्ये सगळे वाट बघतायत. क्लिफनं तुझ्यासाठी काय काय ठेवलंय बघ तरी."

डेरेकनं त्याची पाठ थोपटली. "थँक्स मिकी. मी बसनं जातो."

मिकी हसला. त्याला वाटलं, आत राहून पोराला विनोद सुचायला लागले. तोवर डेरेक रस्ता ओलांडून बसथांब्यावर पोचलासुद्धा. तिथे एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती, तिच्या मागे जाऊन रांगेत उभा राहिला. मग मीही उतरले. मिकी म्हणाला, "बेरिल, तू तरी वेडेपणा करू नकोस." पण माझा भाऊ पाच वर्षांनी बाहेर आलाय आणि मी त्याला सोडून गाडीत बसून घरी जाऊ? उंच टाचांचे बूट घालून दोन बसा बदलल्या मी. पायांना फोड आलेत.

तो थकलाय, बाकी काही नाही. सर्दीही झालीय. तुझी चौकशी केली त्यानं, तुला प्रेम सांगितलंय. थोडे दिवस जाऊ देत, मग पबचं काम बघेल. तू चिडू नकोस. वरची खोली मी त्याच्यासाठी सजवली होती, निळे पडदे लावलेत, छान दिसतात.

तुझी,
बेरिल


चिझलहर्स्ट
५ जून १९८३

क्लिफ,

फोनवर तू एवढा ओरडलास की मी रिसीव्हर टेबलावर ठेवून बटाटे सोलून घेतले. परत उचलला तर तू अजून ओरडतच होतास. म्हणून आता लिहूनच सांगते. कागदावर तुला मध्येच तोडता येत नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. डेरेकला सर्दीबिर्दी काही झाली नव्हती. तुझी चौकशीही केली नव्हती. निळ्या पडद्यांच्या खोलीत तो तीन-चार दिवस राहिला, पण पलंगावर झोपला नाही. गादी खाली काढून खिडकीशी झोपायचा. एका सकाळी उतरला, चहा घेतला, म्हणाला, "मला काम मिळालंय, बेरिल." कुठे, तर ली गावात, खाडीवर. शिंपल्या काढायच्या बोटीवर! विल्फ पार्ट्रिज म्हणून कुणी म्हातारा आहे, त्याची बोट, त्याचीच शेड. भरती-ओहोटी बघून बोट न्यायची, वाळूतून शिंपल्या खरवडायच्या, आणून मोठ्या भांड्यांत वाफेवर उकडायच्या, चाळायच्या, पोत्यांत भरायच्या. लंडनमध्ये ज्याचं नाव घेतलं की लोक दुकानाचं शटर ओढायचे, तो डेरेक ट्रॅन्टर गुडघाभर चिखलात उभा राहून शिंपल्या वेचतो. हो, तुला हे मिकीकडून कळायच्या आधी मी सांगायला हवं होतं. घाबरले म्हणून नाही सांगितलं. तुला घाबरले, दुसऱ्या कुणाला?

मागच्या रविवारी मी तिथे गेले होते. शेडच्या मागे पांढऱ्या शिंपल्यांचा टेकडीएवढा ढीग, आणि वास असा की माझा कोट अजून बाहेर दोरीवर टांगलाय. म्हातारा विल्फ उंबऱ्यात खुर्ची टाकून बसला होता. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुम्ही त्याची बहीण. नाक तेच आहे. बाई, तुमचा भाऊ कामाला चांगला आहे, पण शिंपल्या अशा ढवळतो, जणू त्यांच्याकडून कबुलीजबाब घ्यायचाय."

त्याची मुलगी हेझल आतून हसली. नवरा बुडून गेलाय तिचा, बरीच वर्षं झाली. मोठ्या हाडाची, लाल हातांची बाई. बशीभर गरम शिंपल्या आणून दिल्या, वर व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड. चांगल्या होत्या, उगाच खोटं कशाला बोलू.

नंतर डेरेक मला खाडीच्या कडेनं चालवत घेऊन गेला. मी विचारलं, "यांना माहीत आहे का रे, तू कोण आहेस ते?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं विल्फला. सगळं."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, पोहता येतं का?"

मग मी विचारलं ते तुझ्यासाठी, क्लिफ. म्हटलं, भावानं तुझ्यासाठी पब ठेवलाय, गाडी ठेवलीय, त्याला तुझ्याशिवाय लंडनमध्ये विश्वासाचं माणूस नाही. तुला काय कमी पडलं? तो म्हणाला, "बेरिल, मी कुठल्याही खोलीत शिरलो ना, की लोक बोलायचे थांबायचे. विसाव्या वर्षापासून. आधी मला फार भारी वाटायचं. आत गेल्यावर कळलं, की मला माणसांचं साधं बोलणं कसं असतं तेच ठाऊक नाही. आज सकाळी मी शेडमध्ये शिरलो तेव्हा हेझल कुणाच्या तरी मांजरीबद्दल सांगत होती. मी आत आलो, तरी सांगतच राहिली."

हे तुला कळणार नाही, मलाही नीट कळलं नाही. पण त्याचा चेहरा बघितला असतास तर तू आत्ता फोनवर ओरडला नसतास.

त्या गोदामाच्या भानगडीत त्यानं कोर्टात कुणाचंच नाव घेतलं नाही. याहून जास्त मी इथे लिहीत नाही, कुणी वाचत असेल. तू तिकडे उन्हात बसलायस आणि तो इकडे पाच वर्षं काढून आलाय, एवढं तुला मला दोघांना ठाऊक आहे. ज्यानं तेव्हा तोंड उघडलं नाही तो आता कशाला उघडेल? सोड त्याला. माझ्यासाठी सोड. आईनं मरताना सांगितलं होतं, धाकट्याला सांभाळा. तिनं तुझ्याकडे बघून सांगितलं होतं, माझ्याकडे नाही.

बेरिल


चिझलहर्स्ट
२ सप्टेंबर १९८३

क्लिफ,

खरं सांग. तू सांगितलंस की मिकीनं आपल्या मनानं केलं?

काल फोनवर तू म्हणालास, "मी फक्त त्याला समजावून सांग म्हटलं होतं." क्लिफ, मी त्याच घरात वाढलेय. आपल्या घरात 'समजावून सांगणं' कशाला म्हणतात ते मला तू शिकवू नकोस.

मिकीच्या हाताखालच्या दोन पोरांनी विल्फची बोट पेटवली. पहाट उजाडत होती. भरती यायची होती म्हणून म्हातारा आधीच बोटीवर जाऊन चहा करत बसला होता. त्याची सवयच ती. त्या मूर्खांनी आत कुणी आहे का ते बघितलंसुद्धा नाही. बोट सोडून लगेच उडी मारली असती तर काही झालं नसतं, पण तो जाळी ओढून काढायला गेला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. डेरेकनं पाण्यात उतरून त्याला खांद्यावर घालून आणला. बोट पाण्याच्या रेषेपर्यंत जळून गेली. हॅरिएट नाव होतं बोटीचं, विल्फच्या बायकोचं.

मी रुग्णालयात गेले तेव्हा डेरेक बाकावर बसला होता. भुवया जळालेल्या, अंगावर ओले कपडे तसेच. हेझल आत बापापाशी. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. बरोबरच केलं. माझ्या गळ्यात तू दिलेली मोत्यांची माळ होती.

आता मी काय केलं ते ऐक. मी डेरेकला म्हटलं, "आता तरी ऊठ. हे सहन करणार आहेस? बाबा असते तर त्या मिकीला त्याच्याच दारात उभा चिरला असता. ट्रॅन्टर आहेस ना तू?"

त्यानं मान वर केली. "बेरिल, पाच वर्षं तू दर महिन्याला यायचीस आणि काय सांगायचीस मला? बाहेर आलास की सोड हे सगळं."

"सोड म्हणाले. मार खात बस नव्हते म्हणाले."

तो म्हणाला, "यातलं एक झालं की दुसरं होतंच असं दिसतंय."

घरी येताना गाडीत मला रडू आलं, पण रागानं. तुझ्यावर नाही, त्याच्यावर. बघ, कशी आहे मी.

मिकीला आवर. मी हात जोडते तुला.

बेरिल


चिझलहर्स्ट
११ ऑक्टोबर १९८३

क्लिफ,

मिकीनं तुला काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. की डेरेक माफी मागायला आला होता, की रडला, की शेपूट घालून गेला. मी तिथे होते. मी सांगते.

रविवारची दुपार होती. पब भरलेला, आतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता, मिकी गल्ल्याच्या पलीकडे बाही वर करून उभा. डेरेक आला तो तसाच कामाच्या रबरी बुटांत. चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा वास घेऊन. सगळा पब एकदम गप्प झाला. काटे-चमचेसुद्धा थांबले. मी मनात म्हटलं, आला. आमचा डेरेक परत आला. देवाशपथ सांगते, माझी छाती अभिमानानं भरून आली.

मिकीचा चेहरा पांढरा पडला. त्याचा हात खाली गेला, बाटलीकडे.

डेरेक म्हणाला, "मिकी, माझ्याबरोबर चल. विल्फ अजून रुग्णालयात आहे. त्याच्यासमोर उभा राहा आणि सांग की तुझ्या पोरांनी केलं. एवढंच. मग मी तुला परत आणून सोडतो."

मिकीला आधी कळलंच नाही. तो डेरेकच्या हातांकडे बघत राहिला. हात नुसते खाली लोंबत होते, उघडे. ते बघितल्यावर त्याला धीर आला. "म्हातारा झालास की रे, राजा," म्हणाला. बाकीचे दोघे-तिघे हसले. मग मिकी पुढे आला आणि गल्ल्यावरचा ग्लास उचलून त्याच्या कपाळावर फोडला.

रक्त डोळ्यात उतरलं. डेरेकनं बाहीनं पुसलं. "येतोस?"

मिकीनं मुठीनं मारलं. डेरेक टेबलावर आदळला, उभा राहिला. "येतोस का मिकी?"

तिसऱ्यांदा मिकीचा हात वर गेला आणि वरच राहिला. त्याला मारता येईना. मग तो आमच्याकडे वळून किंचाळला, "बघताय काय? काढा याला बाहेर!" पण एकही माणूस उठला नाही. डेरेकनं टेबलावरच्या कुणाच्या तरी रुमालानं कपाळ दाबून धरलं, त्या माणसाला "माफ करा" म्हणाला, आणि आपणच बाहेर गेला.

जाताना त्यानं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पर्सचं बटण लावत होते. लावलेलंच होतं ते. मी मान वर केली नाही, क्लिफ. मला त्याची लाज वाटत होती. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "तुझा भाऊ ना गं?" आणि मी म्हटलं, "सावत्र."

मिकी जिंकला असं तुला वाटत असेल तर ऐक, की त्या दुपारी कुणाचंही ताट संपलं नाही. एकेक जण उठून गेला.

पुढच्या आठवड्यात मी ली गावात गेले. शेडला कुलूप. विल्फला हेझलनं रुग्णालयातून नेलं, एवढंच शेजारी म्हणाले. तिघंही कुठे गेले कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. माझा निरोपसुद्धा न घेता गेला तो. तेव्हा मला विचारू नकोस आणि मिकीला माझ्या दारात पाठवू नकोस.

बेरिल


चिझलहर्स्ट
८ जानेवारी १९८४

क्लिफ,

नाताळची भेट मिळाली. सोन्याचं कडं फार जड आहे, हात टेबलावर ठेवला की आवाज होतो. आत कोरून घेतलंयस, 'जी माझ्याजवळ राहिली तिला'. वाचलं आणि मी ते डब्यात ठेवून दिलं. पुन्हा घातलं नाही.

कारण सांगते. तू मला एकनिष्ठ समजतोस, म्हणून सांगावंच लागेल.

डेरेक माझा निरोप घेतल्याशिवाय गेला नव्हता. पबमधल्या त्या रविवारनंतर तीन-चार दिवसांनी दुपारी मागच्या दारानं आला. कपाळावर टाके. मी चहा ठेवला. नवीन स्वयंपाकघर बघून म्हणाला, "छान केलंस." इटलीहून फरश्या मागवल्यात, कुठे कुठे काय ठेवलंय ते मी त्याला दाखवत सुटले, कपाट उघड, कपाट बंद कर. पबबद्दल दोघंही बोलत नव्हतो.

मग तो म्हणाला, "आम्ही जातोय. उत्तरेला, विल्फच्या नात्यातला एक जण आहे, त्याच्याकडे बोटीची कामं आहेत. हेझल आणि मी लग्न करतोय. बेरिल, तू चल."

मी म्हटलं, "कुठे चल?"

"आमच्याबरोबर. घर लहान आहे, पण खोली निघेल. हेझलला मी विचारलंय."

"तिनं माझ्याकडे बघून तोंड फिरवलं होतं."

"हो. तरीही ती हो म्हणाली."

मी हसण्यावारी न्यायला गेले. "माझं वय बघ. आता मी शिंपल्या सोलत बसू होय?"

"सोलत नाहीत, उकडतात," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. लहानपणी जेवताना आई ओरडली की हसायचो ना, तसं. मग तो गंभीर झाला. "मी तुला दोन भावांतला एक निवडायला सांगत नाहीये. पण या घराच्या भिंतीभिंतीत क्लिफ आहे. तू इथे राहिलीस, की मला तुझ्याकडे येता येणार नाही. मी आलो तर माझ्यामागून मिकी येईल. कळतंय ना?"

कळत होतं. माझा नवरा टेड सोडून गेला तेव्हा तू मला हे घर दिलंस. बागेतले गुलाब मी लावलेत. या रस्त्यावरच्या बायका मला मिसेस हॉबडे म्हणतात, आणि माझे भाऊ काय करतात ते कुणी विचारत नाही, कारण पडदे चांगले आहेत. मी चाळीस वर्षं म्हणत आले, की मी कधी कुणाला बोटही लावलं नाही, मला यातलं काही माहीत नाही. डेरेक समोर बसला होता, आणि मी त्या फरश्यांकडे बघत होते.

म्हटलं, "विचार करते."

तो म्हणाला, "बरं." त्याला उत्तर कळलं. उठला, आपला कप धुतला, पुसला आणि चुकीच्या कपाटात ठेवला. "तुझा फोन नंबर तोच राहील ना?"

"तोच."

"मग कधीतरी करीन."

मी दारापर्यंतही गेले नाही. फाटकाचा आवाज आला तेव्हा मी कप काढून बरोबर कपाटात ठेवत होते.

तुला वाटतं मी तुझ्यासाठी राहिले. मी घरासाठी राहिले. तो गेला तो फक्त तुझ्यापासून नाही गेला, माझ्यापासूनही गेला, कारण त्याला जे सोडायचं होतं त्यात मीही होते. हे कळायला मला नाताळ एकटीनं काढावा लागला.

बेरिल


चिझलहर्स्ट
१८ नोव्हेंबर १९८४

क्लिफ,

तुझं सप्टेंबरचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटलं. डॉक्टरनं फुप्फुसाचं सांगितलं, फार दिवस नाहीत म्हणाला. तुला आणखी काही नको, एकदा डेरेकनं येऊन शेजारी बसावं. तू लिहिलंस, "त्याचा फोन आला तर सांग, तिकिटाचं बघतो, कुणी त्याला हात लावणार नाही, माझा शब्द आहे."

गेल्या रविवारी त्याचा फोन आला.

वर्षाहून जास्त काळानं. मी आवाज ओळखला आणि खुर्ची ओढून बसले. कुठून बोलतोयस असं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. वसंतात लग्न झालं. विल्फचे हात बरे झालेत, पण बोटं मिटत नाहीत. कप दोन्ही तळव्यांत धरून पितो आणि जगाला शिव्या देतो. दुसरी बोट घेतलीय, लहान आहे. कितीही घासलं तरी तुझा वास जात नाही, असं म्हणत हेझलनं डेरेकला बाहेर पायरीवर बूट काढायला लावलंय. मी हसत होते, ऐकत होते. मी कशी आहे विचारलं. मी म्हटलं, गुलाब चांगले आलेत.

मग म्हणाला, "क्लिफ कसा आहे?"

तुरुंगातून सुटल्यापासून पहिल्यांदा. तू काही सुचवलं नसताना, मी काही सुचवलं नसताना.

तुझं पत्र माझ्या मांडीवर होतं, क्लिफ. मी फक्त वाचून दाखवायचं होतं. तो आला असता. मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. मिकीच्या ग्लाससमोर जो तीनदा उभा राहिला तो मरणाऱ्या भावाला नाही म्हणाला नसता. म्हणून तर तू त्याला बोलावलंस.

पण मला स्टॅन्ली ग्रिग्ज आठवला. आपल्या गल्लीतला, डेरेकचा जिवलग मित्र. तुम्हांला सोडून दुसरीकडे कामाला लागला होता आणि लपून राहत होता. आमच्या आईला बरं नाही, तिला तुला बघायचंय, असा निरोप तू त्याला धाडलास. त्याचा आईवर जीव होता, धावत आला. आई तेव्हा बाजारात कोबी घेत होती. त्यानंतर स्टॅन्ली कधी सरळ चालला नाही. आईला कळलं तेव्हा ती तुझ्याशी महिनाभर बोलली नाही, आणि मी तिची समजूत काढत होते.

आणि डेरेकच्या फोनच्या दोनच दिवस आधी मिकी आला होता. फुलं घेऊन. चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, आणि निघताना अगदी सहज, "डेरेकचा फोन वगैरे येतो का गं?" तू खरंच आजारी असशील तर मिकीला हे विचारायचं काय कारण? की तूच घायकुतीला येऊन त्याला विचारायला सांगितलंस? मरणारं माणूस असं करतं. मी किती बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या वाटतात.

डेरेक फोनवर वाट बघत होता. "बेरिल? आहेस ना?"

मी म्हटलं, "आहे. क्लिफ बरा आहे. उन्हात बसतो. जाड झालाय."

"बरं आहे," तो म्हणाला. "त्याला सांग..." आणि मग म्हणाला, "नको, राहू दे." फोन ठेवला.

मी धाकट्याला सांगितलं नाही. तू मागितलंस आणि मी दिलं नाही. तू खरंच मरत असशील, तर आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात कुणी कुणाशी केलं नसेल एवढं वाईट मी तुझ्याशी केलंय, आणि त्याच्याशीही, कारण एक दिवस त्याला कळेलच. आणि तू खोटं बोलत असशील, तर मी आयुष्यात केलेलं हे एकच चांगलं काम. यातलं कुठलं, ते मला माहीत नाही. सख्खा भाऊ लिहितो की मी मरतोय, आणि मला बसून विचार करावा लागतो की खरं की खोटं. असे झालोत आपण. तू केलंस, आणि मी होऊ दिलं.

म्हणून मी येतेय. एकटी. गुरुवारच्या विमानानं, दुपारी मालागाला उतरेन. घर विकायला काढलंय, कागद तुझ्या नावावर आहेत तेव्हा सही तुझीच लागेल. ते आल्यावर बोलू. मिकीला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तू आजारी असलास तर मी राहीन. सूप करीन, पाठ चोळीन, शेवटपर्यंत बसेन शेजारी. डेरेकच्या जागी मी चालत असेन तर.

पण तू धडधाकट असलास आणि विमानतळावर स्वतः गाडी घेऊन मला घ्यायला आलास, तर मी तिथूनच परत फिरेन. तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. मग आयुष्यात तुला बहीण नाही.

काल रात्रभर जागी होते. बॅग भरून दाराशी ठेवलीय. आईनं शिकवलेली प्रार्थना म्हणायला गुडघ्यांवर बसले, आणि काय मागत होते ते माझ्या लक्षात आलं तेव्हा तोंडावर हात धरला. मी मागत होते, की विमानतळावर तू नसावास.

बेरिल